शारापोव्हाची कारकीर्द खांद्यावरून वाचावी लागते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत मारिया शारापोव्हावर आलेल्या मजकुरात तिच्या कारकिर्दीचा हिशेब तीन वाक्यांत उरकला आहे. सतराव्या वर्षी विम्बल्डन, मग जाहिराती, मग उत्तेजकात सापडली आणि संपली. यातले एकेक विधान सुटे घेतले तर फारसे चूक नाही, पण ओळीने लावल्यावर जे चित्र उभे राहते ते साफ चुकीचे आहे. तिच्या कारकिर्दीचे दोन तुकडे पडतात हे खरे, पण ते २०१६ साली पडत नाहीत. ते ऑक्टोबर २००८ मध्ये, उजव्या खांद्याच्या शस्त्रक्रियेपाशी पडतात.

एकेरीची एकूण ३६ जेतेपदे. त्यांपैकी १९ शस्त्रक्रियेआधीची, १७ नंतरची. पाच ग्रँडस्लॅमपैकी विम्बल्डन (२००४), अमेरिकन (२००६) आणि ऑस्ट्रेलियन (२००८) आधीची. फ्रेंच दोन्ही (२०१२ आणि २०१४) नंतरची. आता हीच जेतेपदे कोर्टाच्या पृष्ठभागानुसार मांडून पाहा. हिरवळीवरची तिची तिन्ही जेतेपदे २००४ आणि २००५ सालची आहेत, नंतर एकही नाही. मातीवरची ११, त्यातले फक्त एक, २००८ चे अमेलिया आयलंड, शस्त्रक्रियेआधीचे. म्हणजे नाव तेच, फटका मारतानाची किंकाळी तीच, पण २००८ नंतर कोर्टावर उतरली ती जवळजवळ दुसरीच खेळाडू. हा बदल का आणि कसा झाला, तेच आपल्या मजकुरात नाही.

सुरुवातीचा भाग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. आईवडील बेलारूसमधल्या गोमेलचे. चेर्नोबिलनंतर तिथून निघाले. मारियाचा जन्म १९ एप्रिल १९८७ चा, सैबेरियातल्या न्यागानचा. बालपण सोचीत गेले आणि पहिली रॅकेट मिळाली ती रशियन टेनिसपटू येवगेनी काफेलनिकोव्हच्या वडिलांकडून. मॉस्कोतल्या एका शिबिरात मार्टिना नवरातिलोव्हाने तिला पाहिले आणि फ्लोरिडाचे नाव सुचवले. १९९४ साली वडील युरी सातशे डॉलर घेऊन मुलीसह अमेरिकेत उतरले. व्हिसाअभावी आई दोन वर्षे मागेच राहिली. या कहाणीतला टेनिसच्या दृष्टीने मोलाचा तपशील मात्र बहुतेक लेखांतून गळतो. तिचे फटके घडले ते कॅलिफोर्नियात, रॉबर्ट लॅन्सडॉर्प यांच्या हाताखाली. सपाट, जाळीला जेमतेम ओलांडून बेसलाइनजवळ पडणारा फटका, आणि तोच शंभर वेळा न चुकता मारायचा, ही त्यांची पद्धत. टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडू जाळीवरून उंच नेऊन खाली बसवणाऱ्या फिरकीचा, आधार कमी. असा फटका बसला तर समोरच्याला वेळच मिळत नाही, आणि पाय वेळेवर पोहोचले नाहीत तर तो जाळीत जातो. शारापोव्हाचे उत्तम आणि वाईट दोन्ही दिवस याच एका गोष्टीतून समजतात.

२००४ च्या विम्बल्डनला तिला तेरावे मानांकन होते. उपांत्य फेरीत लिंडसे डेव्हनपोर्टने पहिला सेट ६-२ असा घेतला होता, दुसऱ्यातही ती पुढे होती, तेवढ्यात पाऊस आला. परतल्यावर शारापोव्हाने तो सेट टायब्रेकरवर काढला आणि तिसरा ६-१ असा जिंकला. अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सवर ६-१, ६-४. दुसऱ्या सेटमध्ये सेरेना ४-२ अशी पुढे होती, तिथून सलग चार गेम. या स्पर्धेत तिची सर्व्हिस पाहण्यासारखी होती. आणि नंतर जे बिघडले ते नीट कळायचे असेल तर ती सर्व्हिस जवळून पाहायलाच हवी.

आधी बेसलाइनपासून मागे वळून, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून चार पावले चालायचे. नजर रॅकेटच्या तारांवर, डाव्या हाताची बोटे तारा सरळ करताहेत. मग वळून रेषेपाशी येणे, दोन बारीक उड्या, केस कानामागे, चेंडू दोनदा आपटणे. यावर विनोद खूप झाले, पण दर गुणाला तोच क्रम तेवढाच वेळ घेऊन करणे म्हणजे आधीचा गुण डोक्यातून काढून टाकण्याची शिस्त होती. त्यानंतर चेंडू वर फेकणे, आणि ती तो फार उंच फेकायची.

उंच फेकीचा हिशेब साधा आहे. चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो आणि पडू लागतो. तिथून ३० सेंटिमीटर खाली आल्यावर मारला, तर रॅकेटसमोरचे १० सेंटिमीटर अंतर पार करायला त्याला सुमारे ०.०४ सेकंद लागतात. एक मीटर खाली आल्यावर मारला, तर तेच १० सेंटिमीटर तो ०.०२ सेकंदात ओलांडतो. म्हणजे अचूक मारण्याची संधी जवळजवळ निम्मी होते. शिवाय चेंडू जितका वेळ हवेत, तितका वाऱ्याला वाव. उंच फेकीचा फायदा असा की शरीराला वळायला, गुडघे वाकवून वर झेपावायला सावकाश वेळ मिळतो. हात नेमका आणि निर्भय असेल तर हा सौदा परवडतो. खांदा दुखत असेल तर हात तो चेंडू गाठताना कणभर कचरतो, आणि ०.०२ सेकंदांच्या हिशेबात कणभर म्हणजे पुष्कळ.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणीत बसवलेला मोठा गोळा. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार छोटे स्नायू आणि त्यांचे कंडरे; यांनाच एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. सर्व्हिसमध्ये आधी रॅकेट पाठीमागे खाली जाताना दंड बाहेरच्या बाजूला पूर्ण पिळला जातो, मग आत झपाट्याने फिरतो, आणि चेंडू मारून झाल्यावर त्या सुटलेल्या हाताला ब्रेक लावायचे काम पुन्हा याच छोट्या स्नायूंकडे येते. नुकसान बरेचदा या ब्रेकमध्ये होते, फटक्यात नव्हे. १८८ सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूचा हात लांब, म्हणजे ब्रेकवरचा भारही मोठा. चौदाव्या वाढदिवशी व्यावसायिक झालेल्या मुलीने विशीपर्यंत अशा किती सर्व्हिस केल्या असतील, याचा अंदाज सराव घेणाऱ्या कुणालाही करता येईल.

२००७ मध्ये खांदा कुरकुरू लागला होता. तरीही जानेवारी २००८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने एकही सेट गमावला नाही. दुसऱ्या फेरीत डेव्हनपोर्ट, पुढे देमेंतियेव्हा, मग जस्टिन एनँ ६-४, ६-० (एनँची ३२ सामन्यांची विजयी मालिका इथेच तुटली), यांकोविच आणि अंतिम फेरीत इवानोविच ७-५, ६-३. तिच्या आयुष्यातले सर्वांत निर्दोष टेनिस हेच, असे माझे मत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलला एक सामना तीन सेटमध्ये जिंकूनही तिला माघार घ्यावी लागली. तपासणीत रोटेटर कफ फाटल्याचे दिसले. बीजिंग ऑलिम्पिक गेले, अमेरिकन ओपन गेली, ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. एकेरीत ती परतली मे २००९ मध्ये, वॉर्सात, क्रमवारीत १२६ वी होऊन.

परतली तेव्हा सर्व्हिस कापलेली होती. रॅकेट खालून मोठा वळसा घेऊन वर येण्याऐवजी थेट खांद्यापाशी. खांद्यावरचा ताण कमी करायचा हा रास्त उपाय, पण लय गेली. त्याचा दाखला म्हणजे २००९ ची अमेरिकन ओपन, तिसरी फेरी, समोर सतरा वर्षांची मेलनी ऊडिन. शारापोव्हाने तीन सेटमध्ये सामना गमावला आणि २१ डबल फॉल्ट केले, म्हणजे २१ वेळा पहिली आणि दुसरी दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावला. टेनिसमध्ये एका गेमला किमान चार गुण लागतात. २१ डबल फॉल्ट म्हणजे पाच गेमांहून अधिक गुण तिने रॅली सुरू होण्याआधीच हातात नेऊन दिले. त्यानंतर ती पुन्हा मोठ्या वळशाकडे वळली, पण डबल फॉल्ट कायमचे सोबत राहिले. २०११ च्या विम्बल्डन उपांत्य सामन्यात तिने १३ केले आणि तरीही सबिन लिसिकीला सरळ सेटमध्ये हरवले. हा आकडा लाजिरवाणा मानायचा की कौतुकाचा? मला तरी कौतुकाचाच वाटतो.

इथे कुणीही विचारेल, पहिली चुकली तर दुसरी सर्व्हिस हळू मारायची, त्यात काय अवघड? अवघड भूमिती आहे. चेंडू २.८ मीटर उंचीवर मारला असे धरा. तिथून सर्व्हिस बॉक्सच्या रेषेपर्यंत सरळ रेघ ओढली, तर मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच असलेल्या जाळीवरून ती केवळ सहा-सात सेंटिमीटरने जाते. शारापोव्हाएवढ्या उंच खेळाडूची ही कथा. म्हणून दुसऱ्या सर्व्हिसला फिरकी लागते, म्हणजे चेंडू जाळीवरून भरपूर उंच जाऊन पुन्हा खाली बसतो. किक सर्व्हिससाठी चेंडू डोक्याच्या किंचित मागे फेकायचा, पाठीला बाक द्यायचा आणि रॅकेट खालून वर घासत न्यायची. यात दंड बाहेर पिळला जातो तो सर्वांत जास्त, आणि शिवलेल्या खांद्याला नेमका तोच पीळ नकोसा असतो. त्यामुळे तिची दुसरी सर्व्हिस बहुतेकदा पहिलीचीच धाकटी बहीण राहिली. सपाट, पुढे फेकलेली, जोखमीची. मन कमकुवत म्हणून डबल फॉल्ट होतात, हे समालोचकांचे आवडते निदान तिच्या बाबतीत अजिबात पटण्यासारखे नाही. मन कमकुवत असलेली खेळाडू १३ डबल फॉल्ट करून विम्बल्डनची उपांत्य फेरी जिंकत नाही.

आपल्याकडे क्लबांत बारा-तेरा वर्षांच्या मुलींना पहिलीसारखीच सपाट दुसरी सर्व्हिस मारू देणारे प्रशिक्षक आणि त्यावर टाळ्या वाजवणारे पालक दिसतात, त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवायला हरकत नाही.

मग मातीकडे. २००७ साली पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या वेळी, तिने स्वतःच मातीवरच्या आपल्या हालचालींना बर्फावरच्या गाईची उपमा दिली होती, आणि त्या वर्षी उपांत्य फेरीत इवानोविचने तिला ६-२, ६-१ असे घालवलेही. पाच वर्षांनी, ९ जून २०१२ रोजी, त्याच कोर्टावर सारा एर्रानीला ६-३, ६-२ असे हरवून तिने चारही ग्रँडस्लॅमचे वर्तुळ पूर्ण केले. असे करणारी ती दहावी महिला. गंमत अशी की तिची पहिली चार ग्रँडस्लॅम चार वेगवेगळ्या स्पर्धांची आहेत. २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत रोलाँ गारोवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या कोर्टांवर, ती २१ सामने खेळली आणि एकच हरली, २०१३ चा अंतिम सामना, सेरेनाकडून.

माती तिला का मानवली? सर्व्हिस दुबळी झाली की ज्या कोर्टावर सर्व्हिसचे मोल कमी, तिथे तोटाही कमी. माती चेंडूचा वेग खाते. समोरच्याची सर्व्हिसही मऊ होते, आणि परतीचे फटके हे तर शारापोव्हाचे शेवटपर्यंत शाबूत राहिलेले हत्यार. दुसरे म्हणजे उसळी. हिरवळीवर चेंडू खाली राहतो आणि १८८ सेंटिमीटरच्या बाईला गुडघे मोडून खाली जावे लागते. मातीवर तो आपणहून खांद्यापर्यंत वर येतो. आणि तिसरे, सपाट फटक्याला पाय रोवून उभे राहायला जो अर्धा क्षण हवा, तो माती देते. अट एकच होती, घसरत जाऊन थांबणे आणि लगेच परत फिरणे शिकायला हवे होते. ते ती शिकली. टॉमस हॉगस्टेटच्या प्रशिक्षणाच्या काळात तिची मातीवरची घसरण दोन्ही बाजूंना सफाईदार झाली. रोम तीनदा, श्टुटगार्ट लागोपाठ तीनदा, माद्रिद एकदा ही जेतेपदे त्याची साक्ष. २०१४ च्या पॅरिसमध्ये तर स्टोसूर, मुगुरुसा आणि बुशार या तिघींविरुद्ध पहिला सेट गमावून ती जिंकली आणि अंतिम सामन्यात सिमोना हालेपला ६-४, ६-७, ६-४ असे तीन तासांहून अधिक वेळ खेळून हरवले. पंचविशी ओलांडल्यावर आपल्या सर्वांत दुबळ्या पृष्ठभागाला सर्वांत बळकट करून दाखवणारी दुसरी खेळाडू पटकन आठवत नाही.

सेरेनाविरुद्धचा २-२० हा हिशेब आपण चौकटीत दिला आहे. तो खरा आहे. दोन्ही विजय २००४ चे, त्यानंतर सलग १९ पराभव. २००५ च्या ऑस्ट्रेलियन उपांत्य सामन्यात तिच्याकडे तीन मॅच पॉइंट होते. तो सामना तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असा निसटला. पुढच्या पराभवांचे कारण पुन्हा त्या खांद्यापाशीच येते. सेरेनाची महिला टेनिसमधली सर्वोत्तम सर्व्हिस आणि दुसऱ्या सर्व्हिसवर तुटून पडणारी परतफेड एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला जखमी दुसरी सर्व्हिस. लंडन ऑलिम्पिकचा अंतिम सामना ६-०, ६-१ असा गेला तो याच गणिताने. सेरेनाला ताकदीने हरवायचे तर ताकदीत तिच्या वर लागते, आणि तिच्या वर कुणीच नव्हते. आणि चेंडूची गती, उंची बदलून खेळ मोडायला शारापोव्हाकडे दुसरा डाव नव्हता. ही तिची खरी मर्यादा, आणि चाहत्यांनी ती मान्य करावी.

आता मेल्डोनियम. आपल्या मजकुरात 'बंदी घातलेले औषध दहा वर्षे घेत होती' असे छापले आहे. दहा वर्षे घेत होती हे तिनेच सांगितले आहे, पण त्या काळात ते बंदी घातलेले नव्हते. हे लॅटव्हियात विकसित झालेले औषध, हृदयाला रक्तपुरवठा कमी पडणाऱ्या रुग्णांसाठी; पूर्व युरोपात सर्रास मिळणारे, अमेरिकेत मान्यता नसलेले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१५ मध्ये त्यावर नजर ठेवली आणि १ जानेवारी २०१६ पासून ते बंदीच्या यादीत टाकले. तिचा नमुना २६ जानेवारी २०१६ रोजी मेलबर्नला घेतला गेला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लवादाने जूनमध्ये दोन वर्षांची बंदी घातली. क्रीडा लवाद न्यायालयाने ४ ऑक्टोबरला ती १५ महिन्यांवर आणली.

यात तिची चूक नाही असे मुळीच नाही. नवी यादी आधीच जाहीर झाली होती, ती तपासायचे काम व्यवस्थापकावर सोपवलेले होते आणि त्या वर्षी ते झालेच नाही. ते औषध ती घेते हे तिने तपासणीच्या अर्जावर नोंदवले नव्हते, आणि सामन्यांच्या दिवशी ते घेत असल्याचे लवादापुढे आले. हृदयरुग्णाचे औषध निरोगी खेळाडूने सामन्याआधी का घ्यावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला तरी कुठे दिसले नाही. त्या वसंतात काही खेळाडू सुटले, कारण औषध शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि २०१५ मध्येच घेतले असल्याचा संशयाचा फायदा त्यांना मिळाला. शारापोव्हाने जानेवारीतही घेतल्याचे कबूल केले असल्याने तो मार्ग तिला बंद होता. हा सगळा तपशील तिच्या विरोधातच जातो. पण तो छापला तर वाचक स्वतः ठरवू शकतो. 'उत्तेजकात सापडली आणि संपली' एवढ्याने ठरवता येत नाही.

संपली म्हणावे तर एप्रिल २०१७ मध्ये श्टुटगार्टला ती परतली आणि उपांत्य फेरी गाठली, अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत हालेपला काढले, ऑक्टोबरमध्ये तियानजिनला अंतिम सामन्यात सबालेंकाला हरवून छत्तिसावे जेतेपद घेतले. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला गतविजेत्या वोझ्नियाकीला घरी पाठवले, आणि पुढच्याच महिन्यात खांद्यावर पुन्हा शस्त्रक्रिया. त्यानंतर मात्र काही उरले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली तेव्हा ती ३२ वर्षांची आणि क्रमवारीत ३७३ वी होती.

जाता जाता, २०१४ मध्ये विम्बल्डनला सचिन तेंडुलकर कोण हे तिला ठाऊक नव्हते म्हणून तिच्या फेसबुक पानावर आपल्या लोकांनी जो धिंगाणा घातला, त्याला आपल्या मजकुरात एक अख्खा परिच्छेद मिळाला आहे. तेवढ्या जागेत २००५ च्या अमेरिकन ओपनची चौथी फेरी बसली असती. शारापोव्हासमोर मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा होती, निकाल ६-२, ६-१.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र छापावीच. शारापोव्हा ही 'ग्रँडस्लॅम एकेरी जिंकणारी पहिली रशियन महिला' नाही. तो मान अनास्तासिया मिस्कीनाचा. ५ जून २००४ रोजी पॅरिसमध्ये तिने देमेंतियेव्हाला ६-१, ६-२ असे हरवले. शारापोव्हाचे विम्बल्डन ३ जुलैचे, म्हणजे चार आठवड्यांनंतरचे. तिच्या नावावरचे खरे 'पहिले' दोन आहेत. विम्बल्डन एकेरी जिंकणारी पहिली रशियन, आणि २२ ऑगस्ट २००५ रोजी जागतिक क्रमवारीत अव्वल झालेली पहिली रशियन महिला.

आपला,
एक टेनिस प्रशिक्षक, कोल्हापूर